पाना कुणाच्या हातात?

पावसाळा संपता संपता महाराष्ट्रातल्या गॅरेजांत एकच तक्रार घेऊन गाड्या येऊ लागतात : पुढून खटखट आवाज येतो. खड्ड्यांनी आपले काम चोख बजावलेले असते. मेकॅनिक गाडीचा कोपरा दोनदा दाबतो, चाकाजवळ वाकून बघतो आणि सांगून टाकतो, "शॉकअप गेलेत साहेब. जोडीच बदलावी लागेल." मालकाच्या मनात दोन प्रश्न येतात. खरंच गेलेत का? आणि गेले असतील, तर व्हिडिओत एक माणूस आपल्या अंगणात हे काम वीस मिनिटांत करून दाखवतो, ते आपल्याला का जमू नये?

बहुतेक लोक दुसऱ्या प्रश्नाच्या मागे आधी लागतात. पैसे वाया जातात ते पहिला तसाच राहिल्यामुळे.

सस्पेन्शन म्हणजे शॉकअप, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात गाडीचे वजन शॉकअप पेलतच नाही. ते पेलते स्प्रिंग. खड्डा आला की स्प्रिंग दबते, उसळते, आणि कुणी आवरले नाही तर वरखाली होतच राहते. तिला आवरायला शॉकअप लागतो. त्याच्या नळीत तेल असते आणि दांड्याच्या टोकाला बारीक भोके व झडपा असलेला पिस्टन. हेलकाव्याची ताकद ते तेल भोकांतून ढकलण्यात खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. खराब रस्त्यावरून लांबचा प्रवास करून आलेल्या गाडीच्या शॉकअपची नळी म्हणूनच गरम लागते. या दोघांखेरीज चाकाला जागेवर धरणारा लोअर आर्म, त्याचे रबरी बुश, बॉल जॉइंट, वळणावर गाडी फार कलू नये म्हणून आडवा बसवलेला स्टॅबिलायझर बार आणि त्या बारची दोन्ही टोके चाकांकडच्या भागांशी जोडणारे लिंक रॉड असा सगळा गोतावळा असतो. यातले काहीही सैल झाले तरी आवाज येतो, आणि आत बसलेल्याला तो सगळा एकाच ठिकाणाहून येतोय असे वाटते.

लिंक रॉड हा या गोतावळ्यातला अगदी स्वस्तातला भाग. पण झिजतो हा आणि बदनाम होतो शॉकअप. वीत-दीड वीत लांबीची दांडी, दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट. हॅचबॅकसाठी चांगल्या बनावटीची दांडी साधारण चारशे ते आठशे रुपयांत मिळते. तिचा बॉल झिजला की कमी वेगात, लहान लहान खड्ड्यांवर कोरडी खटखट येते. हायवेला लागल्यावर गाडी एकदम गप्प. शॉकअप थकल्याची लक्षणे निराळी. स्पीडब्रेकर ओलांडल्यावरही गाडी दोन-तीनदा डुलते, ब्रेक दाबला की नाक नेहमीपेक्षा खाली जाते, टायरवर हात फिरवला तर ठिकठिकाणी खळगे लागतात, नळीवरून तेलाचे ओघळ आलेले दिसतात. नळीवर धुळीचा नुसता ओलसर थर असेल तर घाबरायचे कारण नाही. ओघळ मात्र खरी गळती. स्टेअरिंग जागच्या जागी फिरवताना काहीतरी अडकून सुटल्यासारखा 'कट्' आवाज आला, तर संशय वरच्या माउंटिंगवर किंवा त्यातल्या बेअरिंगवर घ्यावा. ब्रेक मारताना किंवा गाडी सुटताना एकच 'धप्' आला, तर लोअर आर्मच्या बुशवर.

लिंक रॉड तपासायला गाडी उचलावीही लागत नाही. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलेले. एकाने बाहेरून गाडी हलवायची, दुसऱ्याने चाकामागच्या फटीतून हात घालून बोटे लिंक रॉडच्या टोकावर ठेवायची. सांधा झिजला असेल तर बारीक टकटक थेट बोटांना लागते. ही तपासणी न करता चार-पाच हजारांचे शॉकअप बदलले आणि गाडी पुन्हा खटखटत घरी आली, असे किस्से गाडी बाळगणाऱ्या प्रत्येक घरात एखादा तरी निघतो. घरी करण्याजोगे पहिले काम म्हणजे हे निदान. त्याला पाना लागत नाही, आणि सर्वांत जास्त पैसे इथेच वाचतात.

आता बदलण्याकडे वळू. इथे 'स्वतः की गॅरेज' असा एकच सवाल सगळ्या सस्पेन्शनसाठी विचारणे मुळातच चुकीचे आहे. एकाच चाकामागे शेजारी शेजारी बसलेल्या दोन भागांची उत्तरे परस्परविरुद्ध असू शकतात, आणि त्याला कारणीभूत आहे एक अमेरिकन इंजिनिअर.

अँबॅसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली गाडी. तिला मागे कमानपाटे होते. मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीलाही होते. या गाड्यांत मागचा शॉकअप पाट्यांपासून अगदी वेगळा बसवलेला असे. वजन पाट्यांवर, शॉकअप नुसता सोबतीला. त्याचे नट सोडवले की तो हातात येई आणि पाटे आपल्या जागी स्वस्थ असत. अर्ल मॅकफर्सन यांनी ही फाळणी पुढच्या चाकांपुरती मोडीत काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल मोटर्समध्ये ते शेव्हरोले कॅडेट नावाच्या छोट्या, स्वस्त गाडीवर काम करत होते. १९४७ मध्ये कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले आणि त्यांची कल्पना तिथे फळाला आली. १९५० मध्ये इंग्लंडमध्ये आलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या गाड्यांनी ती गाजवली. कल्पना अशी : शॉकअपचीच नळी मजबूत करायची, तिच्याभोवती स्प्रिंग चढवायची, खालचे टोक चाकाला धरणाऱ्या तुकड्याला, म्हणजे नकलला, आवळायचे आणि वरचे टोक बॉडीला. वरचा आर्म लागतच नाही. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. इंजिन आडवे बसवलेल्या छोट्या गाड्यांना हे वरदान ठरले. भारतात मारुती ८०० ही रचना घेऊन आली, आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक हॅचबॅकच्या पुढच्या चाकांमागे हाच स्ट्रट आहे.

कारखान्याचा खर्च कमी झाला, पण घरच्या कारागिराची अडचण वाढली. शॉकअप बदलायचा म्हणजे आता त्याच्याभोवतीची दाबलेली स्प्रिंग सोडवणे आले.

ती किती दाबलेली असते, हे साध्या हिशेबाने कळते. छोट्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगला एक मिलिमीटर दबण्यासाठी सुमारे दोन किलो वजन लागते असे धरू. चाक हवेत लटकत असतानाही ती पूर्ण मोकळी झालेली नसते; स्ट्रटच्या दोन थाळ्यांमध्ये ती काही सेंटिमीटर दबूनच बसलेली असते. वरचा नट सुरक्षितपणे काढायचा तर तिला आणखी थोडी दाबावी लागते. एकूण आठ सेंटिमीटर दाब धरला तर जोर होतो १६० किलो. मोठ्या एसयूव्हीत हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो. हा सगळा जोर स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या दोन स्क्रूंच्या हुकांवर तोललेला असतो, आणि त्यापासून वीतभर अंतरावर माणसाची बोटे आणि चेहरा. या स्प्रिंग कॉम्प्रेसरचा एक हूक जरा तिरका बसला, दोन्ही बाजूंचे स्क्रू सारख्या वेगाने आवळले नाहीत, तर स्प्रिंग धनुष्यासारखी वाकते आणि निसटते. इंटरनेटवर मिळणारे स्वस्तातले कॉम्प्रेसर या कामासाठी कितपत भरवशाचे, हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय त्यावर हात ठेवू नये. गाडीचे बॉनेट उघडल्यावर स्ट्रटच्या डोक्यावर कडेला दोन-तीन नट आणि मधोमध एक मोठा नट दिसतो. कडेचे नट स्ट्रटला बॉडीशी धरतात. मधला स्प्रिंगला धरतो. कॉम्प्रेसर लावण्याआधी मधल्याला हात लावणे ही या कामातली सर्वांत घातक चूक आहे.

म्हणून पुढच्या स्ट्रटचे काम अर्धे घरचे, अर्धे गॅरेजचे असे तोडता येते, आणि हा मार्ग फारसा कुणी सुचवत नाही. चाक काढणे, ब्रेकच्या पाइपचा आणि एबीएसच्या वायरचा क्लिप सोडवणे, लिंक रॉड बाजूला करणे, नकलचे दोन बोल्ट काढणे, वरचे कडेचे नट सोडवून अख्खा स्ट्रट स्प्रिंगसकट बाहेर घेणे, इथवर धोका बेताचा असतो. स्ट्रट निघाला की नकल बाहेरच्या बाजूला कलंडतो. त्याला तारेने किंवा दोरीने बांधून ठेवावे लागते, नाहीतर ब्रेकचा पाइप ताणला जातो किंवा ॲक्सलचा आतला सांधा निसटतो. एप्रिल २०१९ पासून भारतात नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले, तेव्हापासून चाकाकडे जाणारी ती बारीक वायरही सांभाळायची असते. काढलेला स्ट्रट पिशवीत घालून गॅरेजात न्यायचा, भिंतीवर बसवलेल्या प्रेसवर स्प्रिंग दाबून शॉकअप बदलून घ्यायचा आणि घरी येऊन स्ट्रट परत चढवायचा. गॅरेजवाल्याला यात पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि तो त्याचेच पैसे घेतो.

मागची चाके त्या मानाने सरळ. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. खाली एक बोल्ट, वर डिकीच्या आतून किंवा चाकाच्या वरून एक-दोन नट. ॲक्सलखाली जॅक लावून त्याला आधार द्यायचा, कारण अनेक गाड्यांत ॲक्सल फार खाली येऊ नये ही राखणही शॉकअपच करतो. तो काढला आणि आधार नसला तर स्प्रिंग सुटून बाहेर येते. आधार असेल, गाडी खाली घोडीवर नीट ठेवलेली असेल, तर घरी शिकण्यासाठी याहून चांगले काम नाही. जॅकच्या एकट्या भरवशावर गाडीखाली शिरणे मात्र कोणत्याही कामासाठी माफ नाही. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला घोडी.

लिंक रॉड बदलणे वाचायला सर्वांत सोपे आणि हातात घेतल्यावर सर्वांत चिडवणारे. बॉलच्या आट्यांवर बसलेला नट सोडवायला गेले की बॉलही त्याच्यासोबत गरागरा फिरतो. तो फिरू नये म्हणून आट्यांच्या टोकाला ॲलन कीसाठी षटकोनी खाच दिलेली असते. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत चार पावसाळे काढलेल्या गाडीत त्या खाचेत गंज आणि माती घट्ट बसलेली असते. ती आधी टोकदार खिळ्याने साफ करायची, गंज सोडवणारे तेल मारून थांबायचे, मग ॲलन की हातोडीने हलकेच ठोकून आत बसवायची. घाई केली की खाच गोल होते आणि मग ग्राइंडरशिवाय पर्याय राहत नाही. अजून एक युक्ती : दोन्ही पुढची चाके एकदम उचलावीत. एकच चाक उचलले तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि नवी दांडी भोकात बसायला तयार होत नाही. मेकॅनिक त्या वेळी टॉमी लावून बार रेटतात. घरच्याने दुसरे चाक उचलावे.

बुशची गोष्ट अजून वेगळी, कारण ते चुकीचे बसवले तरी त्या दिवशी काहीच कळत नाही. लोअर आर्मचा रबरी बुश गुळगुळीत बेअरिंगसारखा फिरत नाही. त्याची आतली नळी बोल्टने बॉडीशी घट्ट होते, बाहेरची आर्मशी, आणि मधले रबर पिळले जाऊन हालचाल देते. चाक हवेत लटकत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर रबराची 'मोकळी' स्थिती ती लटकलेलीच ठरते. गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते आणि कायम पिळलेलेच राहते. मग काही वर्षे टिकणारा बुश काही महिन्यांत फाटतो. शेवटचा आवळ गाडीचे वजन चाकांवर आल्यावर द्यायचा असतो. धंदा करणाऱ्या गॅरेजात गाडी लिफ्टवर असते, पुढची गाडी रांगेत असते, आणि एअरगन हातात असते. तिथे ही पायरी सर्वांत आधी गळते. घरी काम करणाऱ्याजवळ वेळ असतो, म्हणून या एका बाबतीत तो पगारी कारागिरापेक्षा सरस ठरू शकतो. मात्र जुना बुश आर्ममधून काढायला प्रेस लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी तो कोपऱ्यावर मिळेल; इतर ठिकाणी बुशसकट तयार आर्मच घेतलेला बरा.

एअरगनची दुसरी खोड स्ट्रटच्या दांड्याशी. मधला नट एअरगनने काढला-लावला की शॉकअपचा दांडाही आतल्या आत वेगाने फिरतो, आणि तेल अडवणारे सील त्या फिरण्यासाठी बनवलेलेच नसते. दांडा फिरू नये म्हणून पकडीने धरला तर त्याच्या क्रोमवर ओरखडे उठतात, आणि प्रत्येक हेलकाव्याला तो ओरखडा सीलला खरवडत जातो. नवा शॉकअप सहा महिन्यांत गळाला की दोष कंपनीला दिला जातो.

अमेरिकेत 'स्वतः की गॅरेज' हा सवाल निराळ्या पायावर उभा आहे. तिथे गॅरेजची मजुरी तासावर मोजली जाते आणि बऱ्याच ठिकाणी ती ताशी शंभर डॉलरच्या पुढे आहे. पुढच्या दोन स्ट्रटना तीन-चार तास धरले, तर मजुरी भागांच्या किमतीची बरोबरी करते, कधी ओलांडते. घराला जोडून गॅरेज असते. ऑटोझोनसारखी दुकाने परत मिळणाऱ्या अनामतीवर स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरायला देतात. शिवाय तिथे स्प्रिंग, माउंटिंग, बेअरिंग सगळे कारखान्यातच चढवलेले तयार स्ट्रट मिळतात. 'क्विक-स्ट्रट' हे मन्रोचे त्यातले प्रसिद्ध नाव. ते महाग पडतात, पण दाबलेल्या स्प्रिंगशी संबंधच येत नाही. एडिसन किंवा डेट्रॉइटकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातला माणूस शनिवारी सकाळी गाडीखाली शिरतो तो हौसेपेक्षा या हिशेबापोटी. त्याची अडचण दुसरीच असते : हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ. त्याने गंजलेला नकलचा बोल्ट अर्धा दिवस खातो.

घरच्या दुरुस्तीला ब्रिटनमध्ये छापील गुरुही होता. जॉन हेन्स हे रॉयल एअर फोर्समध्ये एडनला असताना, १९६५ मध्ये, एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट पुन्हा उभी करायला मदत करत होते. काम करता करता त्यांनी टप्प्याटप्प्याची छायाचित्रे काढली आणि पुढच्या वर्षी त्याचे पुस्तक झाले. अख्खी गाडी खोलायची, परत जोडायची आणि मगच लिहायचे, ही त्यांच्या पुस्तकांची पद्धत. प्रत्येक कामापुढे एकपासून पाचपर्यंत पान्यांची चित्रे छापलेली असत. एक पाना म्हणजे नवशिक्यालाही जमेल, पाच म्हणजे ज्याचा हा धंदा आहे त्याने करावे. सगळ्या सस्पेन्शनला एकच शेरा न देता कामागणिक शेरा देण्याची ही रीत आजच्या व्हिडिओंनीही उचलायला हरकत नव्हती.

महाराष्ट्रात मजुरीची बाजू पार उलटी पडते. ढोबळ भाव घेऊ. छोट्या हॅचबॅकचा पुढचा स्ट्रट दीड ते तीन हजारांना एक. दोन्ही बाजू बसवायची ओळखीच्या गॅरेजची मजुरी बहुधा हजार-दोन हजारांच्या घरात. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये त्याहून जास्त. आता घरच्या तयारीचा खर्च : बऱ्यापैकी हायड्रॉलिक जॅक, दोन घोड्या, गोटी पान्यांचा सेट, टॉर्क रेंच, कॉम्प्रेसर. दहा हजारांत हे बसले तर नशीब. सस्पेन्शनचे काम चार-पाच वर्षांतून एकदा निघते. म्हणजे पैसे वाचवण्यासाठी पुढचे स्ट्रट घरी बदलणारा माणूस पैसे वाचवत नसतो. त्याला ते काम आवडते, आणि तेवढे कारण पुरेसे आहे. फक्त बायकोला सांगताना बचतीचे गणित मांडू नये. शिवाय जागेचा प्रश्न. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी घोडीवर चढवली की आधी वॉचमन येतो, मग सेक्रेटरी, आणि नकलचा बोल्ट निघायच्या आत नियमावली निघते.

भारतात मात्र एक तिसरा मार्ग आहे, जो अमेरिकेतल्या गॅरेजात सहसा मिळत नाही : आपला माल घेऊन जायचे आणि शेजारी उभे राहून काम करून घ्यायचे. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर, प्रत्येक शहरात अशी एक पेठ असते. कार कंपनीला माल देणारे अनेक उत्पादक तोच प्रकार स्वतःच्या खोक्यातूनही विकतात. १९६१ पासून शॉकअप बनवणाऱ्या आणि चाकण, नाशिकला कारखाने असलेल्या गॅब्रिएल इंडियाचे खोके यांपैकीच. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के कर आहे, तेव्हा 'बिल नको, कर वाचेल' या लाडिक आग्रहातली गोडी तशीही कमी झाली आहे. आणि बिलाशिवाय वॉरंटी नसते. खोके हुबेहूब, आत नकली माल, हा धंदा जोरात असल्याने दुकान ओळखीचे हवे.

सुटे भाग खुल्या बाजारात मिळणे ही सुद्धा आपोआप घडलेली गोष्ट नाही. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो याच मुद्द्यावर : अस्सल भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे. दंडाचे प्रकरण पुढे अपिलात गेले, पण मुद्दा सरकारच्या टेबलावर राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले, त्यात वाहनांचाही समावेश आहे.

शेजारी उभे राहणाऱ्याने तोंड कधी उघडायचे, हे ठरवून जावे. कारागिराच्या प्रत्येक हालचालीवर टिप्पणी करणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा मिळतो, चांगले काम मिळत नाही. चार गोष्टी आधीच, चहा यायच्या आत, बोलून घ्याव्यात : मधला नट हाताने, बुशचा शेवटचा आवळ गाडी खाली आल्यावर, जुने माउंटिंग आणि बंप स्टॉप परत न लावता नवे, आणि दोन्ही बाजू एकदम. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला शॉकअप असला की खडबडीत वळणावर गाडी दोन वेगळ्या मतांनी चालते. काही रस्त्याकडेच्या गॅरेजांत कॉम्प्रेसरऐवजी स्प्रिंग तारेने बांधून नट सोडवतात. ते दिसले तर मागे सरकावे, आणि पुढच्या वेळी गॅरेज बदलावे.

एक काम घरीही करू नये आणि गॅरेजकडूनही करून घेऊ नये. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये घालायची रबरे दुकानोदुकानी मिळतात; हाताने बसतात, गाडी दोन बोटे उंच होते, खालून घासत नाही. पण रबराने जखडलेली वेटोळी दबेनाशी होतात आणि त्यांच्या वाटणीचे काम उरलेल्यांवर पडते. ज्या उंचीवर गाडीची भूमिती ठरवली होती ती बदलते, आणि वरच्या टोकाला शॉकअपला खाली येण्याची जागाच उरत नाही. उंची वाढवणाऱ्या किंवा कमी करणाऱ्या वेगळ्या स्प्रिंगांचा प्रश्न कायद्याचाही आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले. झिजलेल्याच्या जागी तशाच प्रकारचा नवा भाग घालण्याला त्याची आडकाठी नाही, मग तो कुणीही बसवलेला असो.

काम कुणीही केले तरी शेवटचा टप्पा दुकानातच होतो, तो अलाइनमेंटचा. नकलचे बोल्ट भोकात किंचित हलतात. त्या हलण्याने चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, बदलतो, आणि त्यासोबत चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळतात. १४ इंची रिमवर दोन्ही चाके मिळून फक्त तीन मिलिमीटर चुकली, तर प्रत्येक टायर दर किलोमीटरला सुमारे चार मीटर आडवा घासत जातो. पुणे ते मुंबई एका फेरीत सहाशे मीटर. दोऱ्या बांधून घरी अलाइनमेंट करणारे बहाद्दर आहेत, आणि रेसिंगच्या जगात दोरी अजूनही वापरतात; पण काही शे रुपयांत मशिनवर होणाऱ्या कामासाठी अर्धा रविवार घालवायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. त्याआधी गाडी थोडी चालवून स्प्रिंग जागेवर बसू द्यावी, टायरची हवा सारखी करावी आणि स्ट्रटचे, चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत. छोट्या गाड्यांच्या चाकांच्या नटांना ८५ ते १०० न्यूटन-मीटरच्या आसपासचा आवळ सांगितलेला असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो.

मशिनवाल्याकडून छापील कागद मागावा. त्यावर आधीचे आणि नंतरचे असे दोन रकाने असतात. 'आधी'चा रकाना रिकामा असेल किंवा दोन्ही रकाने सारखेच असतील, तर काम झालेले नाही. पुढच्या चाकांचे आकडे हिरवे आणि मागच्यांचे लाल राहिले, तर लगेच भांडायला जाऊ नये : बहुतेक लहान गाड्यांत मागचा बीम (म्हणजे मागचा ॲक्सल) जुळवण्याची सोयच नसते. पण लाल आकडा फारच बाहेर असेल आणि गाडीने कधी मागून जोराचा खड्डा किंवा डिव्हायडर खाल्ला असेल, तर बीम वाकल्याची शंका घ्यावी. त्याची तपासणी आणि बदल गॅरेजवरच सोपवावा.